जुन्या मोटारीचे नवे एंजिन आणि त्याची बैठक

मॉरिशसमध्ये उसाच्या मळ्यांतून जाताना जुन्या साखर कारखान्यांची दगडी धुराडी आजही ठिकठिकाणी उभी दिसतात. कारखाने बंद पडले, यंत्रे मोडीत निघाली; धुराडी तेवढी राहिली. त्यांच्या पायथ्याशी एके काळी वाफेची एंजिने चालत आणि ती भक्कम दगडी चौथऱ्यावर जाड बोल्टांनी आवळलेली असत. कोकणातून करारावर आलेली माणसे ज्या चरकांत ऊस घालीत, ते चरक फिरविणारी हीच एंजिने होत. यंत्राने चौथऱ्याला धरावे, चौथऱ्याने भूमीला धरावे, अशी ती सरळ व्यवस्था होती. कितीही हादरे बसले तरी ते जमिनीत जिरून जात.

मोटारगाडीच्या एंजिनाला असा चौथरा कोठून मिळणार? त्याच्याखाली पत्र्याची पोकळ तुळई, तिच्याखाली स्प्रिंग, तिच्याखाली हवा भरलेली चाके आणि वर बसलेली माणसे! हे एंजिन चौथऱ्यावरील यंत्राप्रमाणे घट्ट आवळून टाकावे तर त्याचा प्रत्येक हादरा बसणाऱ्याच्या दातांपर्यंत पोहोचतो; आणि सैल सोडावे तर ते आपल्या जागी राहत नाही. या दोन संकटांच्या मधली जी वाट आहे, तिचेच नाव एंजिनाची बैठक, किंवा गॅरेजच्या भाषेत माउंटिंग. लोखंडाचे दोन तुकडे आणि त्यांच्यामध्ये चिकटवलेला रबराचा एक ठोकळा, एवढाच तिचा संसार. फ्रेंच बोलणारे कारागीर अशा रबरी जोडाला ‘सिलांब्लोक’ म्हणतात. नवी गाडी घेणाऱ्याला तो जन्मात कधी दिसतही नाही. परंतु जुन्या गाडीत दुसरे एंजिन घालावयाचे कोणी मनावर घेतले, की हाच ठोकळा त्या साऱ्या उद्योगाचा न्यायाधीश होऊन बसतो.

मोटारीच्या पहिल्या पिढीतील बहुतेक एंजिने गाडीच्या सांगाड्याला सरळ बोल्टांनी जखडलेली असत. फोर्डच्या प्रसिद्ध टी मॉडेलात एंजिन तीन ठिकाणी टेकवलेले होते. हेतू हा, की खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळवटला तरी तीन पायांच्या तिवईप्रमाणे एंजिनावर त्या पिळाचा ताण येऊ नये. मात्र कंप थांबविण्याचा हा उपाय नव्हे. चार सिलिंडरांच्या एंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात आणि प्रत्येक स्फोटागणिक एंजिनाचे धूड एका अंगावर कलंडू पाहते. त्यातच चारही दट्ट्यांच्या वर-खाली होण्यातून दुप्पट गतीचा एक उभा हादरा निर्माण होतो, तो वेगळाच. म्हणूनच त्या काळी सुखवस्तू लोक सहा किंवा आठ सिलिंडरांच्या गाड्यांकडे वळत आणि चार सिलिंडरांची गाडी म्हणजे गरिबाचा खुळखुळा असे समजत.

ही स्थिती १९३१ साली बदलली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीने आपल्या प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’, म्हणजे तरंगती शक्ती, या नावाची योजना आणली. एंजिनाला एक रबरी आधार पुढे उंचावर आणि दुसरा मागे गिअरबॉक्सखाली सखल जागी देण्यात आला. हे दोन आधार जोडणारी कल्पित रेषा एंजिनाच्या गुरुत्वमध्यातून जाईल, अशी आखणी होती. एंजिनाला जर डुलावयाचेच आहे, तर ते स्वतःच्या नैसर्गिक आसाभोवती डुलू द्यावे. आणि फार डुलू नये म्हणून बाजूला पोलादी पात्यांची एक स्प्रिंग लावावी, असा तो साधा आणि खोल विचार होता. पुढच्याच वर्षी, १९३२ मध्ये, फ्रान्सच्या सित्रोएन कंपनीने या योजनेचे हक्क घेतले आणि आपल्या दोन कोनांच्या चिन्हापुढे पोहणारा हंस चितारला. पाण्यावरून सरकणारा हंस आणि धडधडणारे एंजिन यांची सांगड घालणाऱ्या त्या अज्ञात जाहिरातकाराच्या रसिकतेला दाद द्यावयास हवी.

त्यानंतर रबरी बैठक सर्वत्र रूढ झाली. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीसाठी अभियंत्यांनी तिचे स्थान, कोन आणि रबराचा मऊपणा हिशोबाने ठरविलेला असतो. एंजिन बदलणारा माणूस नेमका हा हिशोब मोडतो आणि तो नव्याने मांडण्याची जबाबदारी आपल्या शिरावर घेतो. बहुतेकांना या जबाबदारीची कल्पना नसते. त्यांचे सारे लक्ष नव्या एंजिनाच्या अश्वशक्तीवर खिळलेले असते.

या विषयाचे उदाहरण म्हणून मॉरिस मायनर ही गाडी घेण्यासारखी आहे. इंग्रजी अंमलाच्या काळात ही बुटकी, गोल पाठीची गाडी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचली. भारतात ती काही काळ ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली गेली. आणि मॉरिशसच्या वडीलधाऱ्या मंडळींना तिची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तिचा निर्माता ॲलेक इसिगोनिस. १९४८ च्या लंडन प्रदर्शनात ती लोकांपुढे आली, तेव्हा खुद्द कंपनीचे धनी लॉर्ड नफील्ड यांना ती मुळीच पसंत नव्हती. त्यांनी तिला पाण्यात शिजवलेल्या अंड्याची उपमा दिली होती. प्रदर्शनापूर्वी गाडी अरुंद दिसते असे इसिगोनिसच्या मनाने घेतले. नमुना उभा मधोमध चिरून, दोन्ही भाग दूर सारून पाहण्यात आले आणि चार इंचांची रुंदी वाढविण्यात आली. तिच्या बॉनेटवरून मधोमध जाणारी सपाट पट्टी त्या वाढीची साक्ष आहे.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. इसिगोनिसने ही गाडी आखली ती आडव्या, पसरट, चार सिलिंडरांच्या एका नव्या एंजिनासाठी. ते एंजिन कधी उत्पादनात आलेच नाही. त्याच्या जागी युद्धापूर्वीच्या मॉरिस एट गाडीचे ९१८ घन सेंटिमीटरचे जुने एंजिन बसविण्यात आले. म्हणजे मायनर जन्मली तीच मुळी दुसऱ्याचे एंजिन घेऊन! पसरट एंजिनासाठी राखलेली प्रशस्त जागा मात्र तशीच राहिली. पुढे १९५२ मध्ये मॉरिस आणि ऑस्टिन या कंपन्या एक झाल्यावर तिला ऑस्टिनचे ८०३ घन सेंटिमीटरचे ए-सिरीज एंजिन मिळाले. १९५६ मध्ये ९४८ आणि १९६२ मध्ये १०९८ घन सेंटिमीटरचे. १९७० नंतर उत्पादन आवरत गेले, तोपर्यंत सोळा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या होत्या. अठ्ठेचाळीस साली साडेसत्तावीस अश्वशक्तीची असलेली ही गाडी अखेरीस अठ्ठेचाळीस अश्वशक्तीची झाली होती. तेव्हा तिच्यात आणखी एक एंजिन घालू पाहणारा आजचा हौशी माणूस काही मोठे पाप करतो, असे नाही. कारखान्याने घालून दिलेलीच वहिवाट तो पुढे चालवीत असतो.

सर्वांत सोपा आणि शहाणपणाचा बदल म्हणजे याच ए-सिरीज घराण्यातील १२७५ घन सेंटिमीटरचे थोरले भावंड. ते एमजी मिजेट, मॉरिस मरीना, मॉरिस इटाल अशा गाड्यांतून मिळते. मिनी किंवा ऑस्टिन १३०० मधील एंजिनही त्याच कुळातले. पण ते गाडीत आडवे बसणारे असल्यामुळे त्याला फार उपद्व्याप करावे लागतात. मायनरचे एंजिन पुढच्या अंगाला दोन रबरी बैठकांवर टेकते. या बैठका ज्या पोलादी पाटीला जोडलेल्या असतात, ती पाटी एंजिनाच्या तोंडावर, ठोकळा आणि टायमिंग चेनचे झाकण यांच्यामध्ये बसविलेली असते. मरीनाच्या एंजिनावरची पाटी मरीनाच्या सोयीची. मायनरच्या बैठकांची भोके तिच्यात जुळत नाहीत. म्हणून जुन्या एंजिनाची पाटी काढून नव्याला लावावी लागते.

वाक्य एका ओळीचे आहे, काम एका दिवसाचे. पुढची पुली उतरवावयाची, झाकण काढावयाचे, टायमिंग चेन आणि तिची दोन्ही चक्रे खुणा जुळवून सोडवावयाची, कॅमशाफ्टला जागेवर धरणारी पट्टी काढावयाची, तेव्हा कोठे ती पाटी हाती येते. मागे नवे गॅस्केट घालून हे सारे उलट क्रमाने जोडावयाचे. चक्रांवरच्या खुणा एका दात्याने जरी चुकल्या, तरी एंजिन कुरकुरते किंवा मुळीच चालत नाही. एवढा खटाटोप नको म्हणून काहीजण मरीनाच्या पाटीलाच कानस लावून भोके लांबट करतात. लांबट भोकातला बोल्ट केवळ घर्षणाच्या जोरावर जागा धरतो. आज ना उद्या तो सरकतो आणि एंजिन तिरपे होते. एक दिवस वाचविण्यासाठी पुढची दहा वर्षे पणाला लावणाऱ्या या युक्तीला कारागिरी म्हणवत नाही.

पाटी जुळली म्हणजे बैठकांचा प्रश्न सुटला, असेही नाही. १०९८ च्या एंजिनाची पिळशक्ती ६० पौंड-फूट. मिजेटच्या १२७५ ची ७२. फरक बारा पौंड-फुटांचा, म्हणजे किरकोळ वाटावा असा. परंतु बैठकांना तोंड द्यावे लागते ते एंजिनाच्या पिळाला नव्हे, तर गिअरबॉक्समधून गुणाकार होऊन प्रोपेलर शाफ्टवर उतरणाऱ्या पिळाला. एंजिन आणि गिअरबॉक्स ही एकसंध वस्तू. तिच्यातून मागे जेवढा पीळ जातो, तेवढाच उलट पीळ ती आपल्या आधारांवर टाकते. मायनरच्या पहिल्या गिअरचे प्रमाण साडेतीन पटींहून अधिक आहे. तेव्हा चढावर गाडी उचलताना ७२ चे अडीचशेहून अधिक पौंड-फूट होतात. एक फूट लांबीच्या पान्ह्याच्या टोकाला अडीचशे पौंडांचे वजन लटकवावे, तसा हा पीळ त्या दोन-तीन रबरी ठोकळ्यांनी सोसावयाचा असतो.

त्यातही हा भार दोन्ही बाजूंना सारखा नसतो. चालकाच्या आसनावरून पाहिले असता क्रँकशाफ्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. साहजिकच एंजिनाचे धूड उलट दिशेला कलते. त्याची डावी बाजू वर उचलली जाते, उजवी खाली दबते. आणि रबराचा स्वभाव असा, की दाब ते मुकाट्याने सोसते, ओढ मात्र त्याला सहन होत नाही. ओढीखाली रबर आणि लोखंड यांचा सांधा हळूहळू उकलत जातो. त्यावर एंजिनातून गळणाऱ्या तेलाचे थेंब पडत राहिले तर नैसर्गिक रबर फुगून लिबलिबीत होते. जुन्या गाडीच्या बैठका तपासताना पहिली नजर डाव्या बाजूला टाकावी, ती या कारणासाठी.

बैठक तुटली तर काय होते? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेला मोठी किंमत देऊन मिळाले. १९६५ ते १९६९ या काळात बनलेल्या अनेक शेव्हरोले गाड्यांत एंजिनाची बैठक तुटून एंजिन वर उचलले जाई. त्या ओढीने कार्ब्युरेटरची झडप उघडी राही. झडप उघडी राहिली की एंजिन अधिक जोर करी. आणि अधिक जोर केला की आणखी वर उचलले जाई. ब्रेकला साहाय्य करणारी नळी निसटली म्हणजे ब्रेकही जड होई. चालकाने पाय काढला तरी गाडी धावतच राही. डिसेंबर १९७१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे ६७ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या. तेव्हाच्या काळातील ही सर्वांत मोठी माघार होती. उपाय म्हणून नव्या बैठका बसविण्यात आल्या नाहीत. एंजिन फार वर येऊ नये म्हणून त्याला तारेच्या जाड दोराचे बंधन घालण्यात आले. जगातल्या एका बलाढ्य कारखान्याच्या आकडेमोडीतून ही गोष्ट निसटली, मग घरच्या पडवीत वेल्डिंगचे यंत्र घेऊन बसलेल्याने किती सावध असावे!

आता अधिक अवघड वाटेकडे वळू. ए-सिरीजचे घराणे सोडून परके एंजिन घालणारेही पुष्कळ आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे मायनरमध्ये डॅटसन १२०० चे एंजिन घालण्याची प्रथा पडली. इंग्लंडात फियाटच्या दुहेरी कॅमशाफ्टच्या एंजिनाचे वेड अनेकांना लागले. इसिगोनिसने राखलेली जागा येथे कामी येते. परंतु परक्या एंजिनाला मायनरच्या बैठका ओळखत नाहीत; त्या नव्याने घडवाव्या लागतात.

जाणता कारागीर या कामाला हात घालतो तो जुने एंजिन जागेवर असतानाच. पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचे अंतर, पुलीच्या केंद्राची जमिनीपासूनची उंची, एंजिनाचा मागे झुकणारा कोन, ही मापे एकदा एंजिन निघाले की कोणालाही सांगता येत नाहीत. गाडी चार भक्कम आधारांवर, पाणसळ लावून, समपातळीत उभी करावयाची. मग जुने धूड बाहेर काढून तुळयांची परीक्षा. मायनरला वेगळा सांगाडा नाही. पत्र्याच्या पोकळ तुळया अंगातच घडविलेल्या आहेत आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याला त्या फार लवकर बळी पडतात. हातोडीने ठोकून पाहावे: खणखणीत आवाज आला तर ठीक, बोदा आला तर आधी तो गंजलेला पत्रा कापून नवा घालावा. गंजक्या तुळईवर नवी बैठक लावणे म्हणजे वाळवी लागलेल्या वाशाला नवा झोपाळा टांगणे होय.

पुढची पायरी म्हणजे रिकामे एंजिन जागेवर ठेवून पाहणे. आतला दट्टे-क्रँकचा ऐवज काढून टाकलेला ठोकळा हलका असतो. तो दहा वेळा वर-खाली करता येतो. मात्र त्याला डोके, तेलाची पेटी, एक्झॉस्टचे नळकांडे आणि स्टार्टर लावलेले असले पाहिजेत, कारण अडचण नेहमी हेच भाग करतात. नळकांडे स्टिअरिंगच्या दांड्याला लागते, तेलाची पेटी स्टिअरिंगच्या रॅकवर बसते. प्रथम गिअरबॉक्सची शेपटी ठरवावी, मग एंजिनाचे तोंड. गिअरबॉक्समधून निघणारी रेषा आणि मागच्या डिफरन्शियलच्या तोंडातून निघणारी रेषा बाजूने पाहता परस्परांना समांतर असल्या पाहिजेत, म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटांचे कोन सारखे राहतात आणि एकाची लचक दुसरा खोडून काढतो. कोन फार नको, एक ते तीन अंश पुरे; अगदी शून्यही नको, कारण जॉइंटमधील बारीक सळ्या हलल्या नाहीत तर एकाच जागी झिजतात. चाळीस मैलांच्या वेगाला ज्या गाडीच्या जमिनीतून गुरगुर ऐकू येते, तिच्या मालकाने बहुधा ही रेषा डोळ्यांनीच जुळवलेली असते.

एंजिन लाकडी ठोकळ्यांवर आणि जॅकवर असे मनासारखे टेकले, की त्याच्या सर्व बाजूंना निदान पाऊण इंचाची मोकळी जागा आहे ना, हे पाहावयाचे. कारण चालू झाल्यावर ते डुलणार आहे. वर मातीचा गोळा ठेवून बॉनेट हलकेच मिटावे आणि गोळा किती चेपला ते पाहावे. मग पुठ्ठा आणि कात्री. बैठकीच्या ब्रॅकेटचा आकार आधी पुठ्ठ्यात कापून जुळवावा, नंतर तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यात. पुठ्ठा दहा वेळा चुकला तरी काही बिघडत नाही. ब्रॅकेट प्रथम दोन-चार टाक्यांनीच जोडावे, एंजिन उतरवून-चढवून पुन्हा मोजावे, आणि पुरते वेल्डिंग करण्यापूर्वी रबराचे ठोकळे काढून ठेवावेत. रबर आणि लोखंड यांचा सांधा उष्णतेने जडविलेला असतो. वेल्डिंगची धग त्याला पोहोचली तर वरून धडधाकट दिसणारी बैठक आतून सुटलेली असते आणि ते कळते सहा महिन्यांनी.

पोकळ तुळईतून बोल्ट आरपार न्यावयाचा असेल तर आत पोलादी नळीचा तुकडा घालावा, नाहीतर नट आवळताना तुळईच चेपते. बोल्टाखाली रुंद पट्टी द्यावी, म्हणजे भार एका भोकाच्या कडेवर न राहता पसरतो. आणि शक्य तेथे कापण्यापेक्षा बोल्टाने जोडणे बरे. जुन्या गाडीच्या अंगावरची तुळई एकदा कापली की ती मूळ रूपात परत येत नाही; बोल्टाने लावलेले ब्रॅकेट मात्र नातवाला कंटाळा आला तर पाना घेऊन काढता येते.

बैठकीचा कोन हाही विचाराचा विषय आहे. ठोकळे सपाट ठेवले तर वजन पेलतात, पण डोलण्याला आवर घालीत नाहीत. म्हणून ते दोन्ही बाजूंनी आत झुकते ठेवतात, जणू दोन तळव्यांत धरलेली परडी. अशा स्थितीत रबरावर काही दाब आणि काही सरकता ताण असे दोन्ही येतात, आणि शुद्ध ओढ टळते. रबर किती मऊ असावे? चार सिलिंडरांचे एंजिन उभ्या गाडीत मिनिटाला ८०० फेऱ्या घेत असेल तर मिनिटाला १६०० स्फोट होतात, म्हणजे सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. बैठकांवर ठेवलेल्या एंजिनाचा स्वतःचा डोलण्याचा वेग याच्या जवळपास आला, तर झोपाळ्याला नेमक्या वेळी झोके द्यावे तसे होते आणि आरसा, दिवे, दारांच्या काचा सारे थरथरू लागते. तो वेग या आकड्याच्या बराच खाली राहिला पाहिजे, म्हणजे रबर पुरेसे मऊ हवे. उलट, फार मऊ रबरावर एंजिन क्लच सोडताना मागे-पुढे होते. मायनरचा क्लच लोखंडी दांड्यांच्या जोडणीने चालत असल्यामुळे एंजिन हलले की क्लचही नकळत दाबला-सोडला जातो आणि गाडी बेडकासारखी उड्या घेत निघते. पुष्कळांनी अशा उड्यांपायी निष्कारण क्लच बदलले आहेत. शर्यतीची हौस असलेले लोक रबराऐवजी कडक पॉलियुरेथेन घालतात. एंजिन हलत नाही हे खरे. पण १९३१ पूर्वीचा खुळखुळा मात्र घरी परत येतो.

बैठक अशी घडवावी की रबर पुरते फाटले तरी लोखंडाचा वरचा भाग खालच्यात अडकून राहील. तसे साधत नसेल तर डाव्या बाजूला एंजिन आणि तुळई यांच्यामध्ये साखळीचा एक तुकडा किंचित ढिला बांधावा. अमेरिकेतल्या त्या ६७ लाख गाड्यांना दिलेले औषध हेच, आणि ते बाजारात थोड्या पैशांत मिळते.

एक लहान गोष्ट अनुभवी माणसेही विसरतात. रबर विजेला जाऊ देत नाही. नव्या बैठकांवर बसलेले एंजिन गाडीच्या अंगापासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते. स्टार्टर फिरताना शंभराहून अधिक अँपिअरचा प्रवाह बॅटरीकडे परत जावयास वाट शोधतो. ती न मिळाल्यास तो चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या बारीक तारेतून जातो. तार लाल होते, तिचे वेष्टण वितळते, आणि मालक मात्र बॅटरीला दोष देत बसतो. एंजिन आणि गाडीचे अंग यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची जाड पट्टी, दोन्ही टोकांचा रंग खरवडून, आठवणीने लावलेली असावी. त्याचप्रमाणे पेट्रोलची नळी, रेडिएटरच्या नळ्या आणि एक्झॉस्टचा पहिला टप्पा, यांना एंजिनाबरोबर डुलण्याइतकी सवड दिलेली असावी. ताठ बांधलेले एक्झॉस्ट हीच मग तिसरी बैठक बनते आणि महिन्याभरात तडकते.

शेवटी सगळे बोल्ट हाताने, सैलच बसवावयाचे. गिअरबॉक्ससह सव्वाशे ते दीडशे किलोंचे वजन क्रेनच्या साखळीवरून पूर्णपणे बैठकांवर उतरू द्यावयाचे, धूड हाताने दोन-चार वेळा हलवून त्याला आपली जागा शोधू द्यावयाची, आणि त्यानंतरच पान्हा चालवावयाचा. तोही आधी मागचा, मग पुढचे. उलट क्रमाने, साखळी ताणलेली असतानाच आवळले, तर रबर जन्मभर पिळवटलेले राहते.

पहिल्यांदा एंजिन सुरू होते तेव्हा आजूबाजूला जमलेल्या मंडळींचे कान आवाजाकडे असतात. कारागीर मात्र बॉनेट उघडे ठेवून डाव्या बैठकीजवळ दिवा धरून वाकलेला असतो. दुसऱ्या माणसाने आत बसून, हाताचा ब्रेक ओढून, पहिल्या गिअरात क्लच किंचित सोडावयाचा. मग मागच्या गिअरात. एंजिन एकदा एका अंगाला उचलले जाते, एकदा दुसऱ्या. अर्धा इंच उचलले आणि परत जागेवर आले, तर तो दिवा बाजूला ठेवतो आणि तेलाने माखलेल्या खडूने तुळईवर एक रेघ ओढतो. पाचशे मैलांनंतर गाडी पुन्हा आणावयाची असते. बोल्ट परत आवळावयाचे असतात, आणि बैठक त्या रेघेपासून किती सरकली ते पाहावयाचे असते.